न चढलेली गणेशपट्टी

"ही पट्टी चढवायची न्हाई," बयजा तिसऱ्यांदा म्हणाली.

"चाळीस वर्सं दगडात गेली माझी," तिचा नवरा राणोजी पाथरवट गरजला. "तू भाकरीचं बघ."

दोर धरून उभे असलेले गडी हसले. "वहिनी, आता छिन्नीबी तुम्हीच धरा," एकानं टोमणा मारला.

भांडण पेटलं होतं ते या दगडावरून. काळेगव्हाणच्या बारवेत उतरताना दारावर जी आडवी पट्टी दिसते ती अगदी कोरी, एक फूलसुद्धा नाही. आणि पायऱ्यांशेजारी गवतात पडलेली ही पाहा: मध्ये गणपती, दोन्ही अंगांना हंसांची रांग, कडेनं वेल. पाहुणे विचारतात, हा उलटा कारभार कुणाचा? उलटा काही नाही. ऐकून घ्या.

साडेतीनशे वर्षांमागे राणोजीनं या मुलखात सात देवळं आणि ही बारव उभी केली. चांगला दगड ठोकला की घंटेसारखा वाजतो, आत चीर असली की फुटक्या मडक्यासारखा बद्द बोलतो. पण घणाच्या आवाजानं पन्नाशीतच राणोजीचे कान गेले. समोरच्याचे ओठ वाचून तो निभावून न्यायचा, आणि हे एकट्या बयजेला ठाऊक होतं. दुपारची भाकरी घेऊन ती यायची, जाताजाता हातातलं कडं दगडावर वाजवायची, मान डोलवायची. मगच तो दगड कामाला लागायचा. राणोजीचा दगड कधी दगा देत नाही, असं लोक म्हणायचे. राणोजीचा, म्हणे!

ही पट्टी निवडली तेव्हा बयजा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. परतली तोवर गणपती कोरून झालेला, दगड मातीत रुतलेला. मातीला टेकलेला दगड बोलत नाही. चढवायच्या दिवशी तो ओंडक्यांवर घेतला, तेव्हा तिनं कडं वाजवलं आणि दगड बद्द बोलला.

याच दारातून गावच्या बायका रोज पाण्याला उतरणार होत्या. खरं कारण सांगावं, तर धन्याचं बहिरेपण चारचौघांत उघडं पडणार. ते तिला करायचं नव्हतं.

तिनं तीन धोंडे आणले, दाराच्या चौकटीत चूल मांडली. मग आपले ओठ राणोजीला नीट दिसावेत अशी त्याच्यासमोर उभी राहिली आणि एकच वाक्य बोलली.

राणोजी तिच्या हातातल्या कड्याकडे पाहत राहिला. मग त्यानं गड्यांना दोर सोडायला सांगितले. दुसरा दगड बयजेनं वाजवून घेतला. त्यावर राणोजीनं मुद्दामच छिन्नी लावली नाही, असं सांगतात. तीन पावसाळे गेले आणि नक्षीची पट्टी पडल्या जागी मधोमध फुटली. बोट घालून पाहा, पार आत जातं.

आजही काळेगव्हाणात नवं घर झालं की पहिली भाकरी स्वयंपाकघरात होत नाही. घरची बाई दाराच्या पट्टीखाली चूल मांडते, आणि ज्यानं घर बांधलं तो गवंडी पुढ्यात बसतो. भाकरी थापता थापता ती त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बयजेचं तेच वाक्य म्हणते:

"चढवा खुशाल, पर आजपासनं तुमची भाकरी मी हिच्याखाली बसूनच भाजणार."