सुट्टी कोणाला?

वस्तादकाकांनी हे कुणाला सांगू नको म्हटलं होतं, पण सांगते. फार पूर्वी एका तालमीत हुप्प्या माकड मेहनत करायचं. जत्रेतली कुस्ती उद्यावर आली आणि त्याचं अंग आंबून गेलं.

“तुमच्यात मला जास्त दमवतं कोण?” त्यानं तालमीतल्या साधनांना विचारलं.

“मी! वजन बघ माझं,” मुद्गल गरजला.

“गप रे! माझ्यावर चढताना त्याला धाप लागते,” मल्लखांब म्हणाला.

“जो दमवतो, त्याला आज सुट्टी,” हुप्प्या म्हणाला.

“छे, मी तर हलका!” मुद्गल घाईनं म्हणाला.

“माझ्यावर पोरंसोरंही चढतात!”

हुप्प्या गोंधळला. आखाड्यातली माती हसली. “त्यांना काय विचारतोस, लेका? सकाळी उठताना काय दुखलं?”

“गुडघे.”

गुडघे दुखले ते बैठकांनी, आणि बैठकांना तर वजनच नसतं! हुप्प्यानं डोकं खाजवत मातीला विचारलं, की मग— आले गं आई, आले!