भिवराचं खडकाळ वावर

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरउतारावर एक लहानसं राज्य होतं आणि तिथला राजा मनाने चांगला होता. एकाला कसदार जमीन मिळावी आणि दुसऱ्याने जन्मभर दगडधोंड्यांत नांगर धरावा, हे त्याला पटत नसे. म्हणून त्याने नियम केला. सगळी जमीन राज्याची. दर चैत्रात मडक्यातून चिठ्ठ्या काढायच्या, निघेल ते वावर वर्षभर कसायचं आणि पुढच्या चैत्रात परत करायचं. लोकांनाही यात न्याय वाटला.

त्या राज्यात भिवरा नावाची शेतकरीण होती. पहिल्या वर्षी तिला उताराचं वावर निघालं. माती वाहून जाऊ नये म्हणून तिने आणि नवऱ्याने दगडी बांध घातला, शेणखताच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. नाचणी बरी आली. चैत्रात ते वावर दुसऱ्याकडे गेलं. त्याने बांधाचे दगड काढून गोठ्याच्या भिंतीला लावले. त्याला तरी ते वावर वर्षभरच कसायचं होतं.

दुसऱ्या वर्षी भिवराने नव्या वावरात पुन्हा बांध घातला. तेही गेलं. तिसऱ्या वर्षी नवरा दगड उचलायला वाकला, तेव्हा तीच म्हणाली, "राहू द्या. कुणासाठी?"

त्यानंतर तीही इतरांसारखीच शेती करू लागली. पेरायचं, कापायचं, जमिनीला परत काही द्यायचं नाही. उघडा पडलेला मुरूम दिसला की तिला ओशाळल्यासारखं व्हायचं, पण हात पुढे होत नसत.

असं होता होता कणग्या रिकाम्या पडू लागल्या. उताराखालचा राजाचा तलाव गाळाने भरला. राजाने सगळ्यांना बोलावलं.

"लोक आळशी झालेत, महाराज," प्रधान म्हणाला.

नियमाला नाव ठेवणाऱ्याला प्रधान मडक्यातून चिठ्ठी काढू देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भिवरालाही होतं. तरी ती उठली.

"महाराज, आमची माती तुमच्या तलावात आहे," ती म्हणाली. "ती अडवायला बांध लागतो, खत लागतं. त्याचं फळ दोन-तीन वर्षांनी दिसतं. तोवर वावर आमचं राहत नाही."

राजा विचारात पडला. "पण बाई, जमीन कायमची वाटली, तर खडकाळ वावर कुणाच्या माथी मारू?"

"माझ्या," भिवरा म्हणाली. "सगळ्यात वाईट असेल ते मला द्या. फक्त परत मागू नका."

प्रधान हसला. राजा हसला नाही. माळावरचं सगळ्यात ओसाड वावर त्याने भिवराच्या आणि तिच्या नवऱ्याच्या नावे कायमचं लिहून दिलं.

पहिल्या वर्षी सूपभर धान्य आलं. नवरा हिरमुसला. भिवराने वेचलेल्या दगडांचा बांध रचला. पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी तलावातला गाळ पाटीपाटीने वर आणला. चौथ्या वर्षी तूर कमरेला लागली. मग भिवराने बांधावर आंब्याची कोय पुरली. त्या राज्यात कित्येक वर्षांत कुणी शेतात झाड लावलं नव्हतं.

राजा स्वतः पाहायला आला. त्याने मूठभर माती उचलून हातात चुरली.

"मी सगळ्यांना सारखं द्यायला निघालो होतो," तो म्हणाला, "आणि कुणालाच काही दिलं नाही."

त्या चैत्रात चिठ्ठ्या निघाल्या नाहीत. राजाने प्रत्येक घराला थोडी कसदार आणि थोडी मुरमाड जमीन कायमची लिहून दिली. वर्षभरात उतारावर जागोजाग बांध उभे राहिले, आणि पुढे कणग्याही भरू लागल्या.

लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: जी जमीन उद्याही आपलीच राहील असा भरवसा असतो, तिच्यातच माणूस मनापासून घाम गाळतो.