पौषात थांबलेली गाडी

"मग? ब्रेकच गेले होते ना, उस्ताद?"

 गफूर उस्ताद बॉनेटमध्ये वाकले होते. खारीनं आत गवत, कापूस आणि कुठल्याशा स्वेटरची लोकर आणून घरटं केलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि कुंपणाच्या भिंतीवर सावलीत ठेवलं.

प्रश्न विचारून खेरडे गुरुजी अस्वस्थपणे उभे होते.

चिखलदऱ्याच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. बत्तीस वर्षं घाट चढले-उतरले, गाडीला कधी साधा ओरखडा नाही, हे ते पाहुण्यांना नेहमी सांगत. पौषात मात्र एका सकाळी, दाट धुक्यात, गाडी वळण सोडून झाडावर गेली. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी शशिकलाबाईंचा उजवा हात खांद्यापासून मोडला. ओढून आणलेली गाडी तेव्हापासून अंगणातल्या जांभळाखाली उभी होती. पुढचा पत्रा तसाच चेपलेला.

ब्रेक फेल झाले, गुरुजींनी सगळ्यांना सांगितलं. कुणी शशिकलाबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "ब्रेक लागले नाहीत म्हणतात हे."

दोन मेकॅनिक येऊन गेले. ब्रेकमध्ये दोष नाही म्हणाले. गुरुजींनी दोघांनाही अडाणी ठरवलं.

आता फाल्गुन लागला होता. उन्हाला ऊब आली होती. परतवाड्याहून पहिल्या एसटीनं गफूर उस्ताद आले ते भरलेली बॅटरी मांडीवर घेऊन. सत्तरी ओलांडलेला माणूस. गाडीच्या कामात सारा तालुका त्यांचा शब्द मानायचा.

"उस्ताद, मी काय विचारतोय?"

"बसा आत," उस्ताद म्हणाले.

त्यांनी जॅक लावून पुढचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. चाक गरगरू लागलं.

"दाबा."

गुरुजींनी ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

"पुन्हा," गुरुजी म्हणाले.

उस्तादांनी पुन्हा फिरवलं. चाक पुन्हा थांबलं.

"दुसरं चाक पाहा."

उस्तादांनी जॅक काढला, दुसऱ्या बाजूला लावला. तेही चाक थांबलं.

"गरम झाल्यावर फेल होत असतील... उतारावर..."

"तुम्ही सांगसान तितक्या खेपा पायतो, गुरुजी," उस्ताद म्हणाले. आवाजात कंटाळा नव्हता. "त्या दिवशी पाय कोनाचा होता?"

"माझा! दुसऱ्या कुणाचा असणार?"

"बाजूले कोन होतं?"

"...ही."

"मंग ताईले पुसलं?"

 जांभळाचं एक पान गाडीच्या टपावर पडलं.

दोन महिन्यांत त्यांनी बायकोला पथ्यपाण्याचं विचारलं होतं, औषधाचं विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं.

शशिकलाबाई घराच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

उस्तादांनी आणलेली बॅटरी बसवली. हात पुसले. मग चावी काढून घेतली, ओसरीपर्यंत चालत गेले आणि ती बाईंच्या डाव्या हातात ठेवली.

"तिला गाडी चालवता येत नाही," गुरुजी म्हणाले.

"म्हनून तर."

बाईंनी चावीकडे पाहिलं. पायात चपला सरकवल्या. हळूहळू चालत आल्या आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच गाडीत गुरुजींच्या शेजारी बसल्या. डाव्या मुठीत चावी होती; दार ओढायला उजवा हात वर जाईना. गुरुजींनी वाकून दार लावून घेतलं.

आत जुन्या कापडाचा, बंद हवेचा वास होता.

पुढच्या काचेवर हिवाळाभराची धूळ साचली होती. ऊन त्यातून झिरपत होतं, पांढरं, मऊ. पलीकडचं अंगण दिसत नव्हतं. कुंपण दिसत नव्हतं. गुरुजींनी स्टिअरिंगवर हात ठेवले आणि त्यांना वाटलं, गाडी चालली आहे. आवाज नाही, धक्का नाही, नुसतीच चालली आहे. पांढऱ्यातून एकेक झाड येतंय, सरतंय. खिशात भाषणाचा कागद. अमरावतीला सत्कार. उशीर झालेला.

शेजारून कुणी म्हणतंय, हळू चला.

पुन्हा म्हणतंय, धुकं आहे, हळू चला.

तिसऱ्यांदा कुणी म्हणत नाही...

"शशी," गुरुजी म्हणाले.  "तू दोनदा म्हणालीस. मला राग आला. मी मुद्दाम जोरात घेतली."

बाई समोर पाहत होत्या.

"ब्रेक चांगले होते. माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही."

"मला माहीत आहे."

"...कसं?"

"मी तुमच्या पायाकडेच पाहत होते."

 बाहेर उस्ताद बॉनेटला टेकून विडी ओढत होते. त्यांची धूसर आकृती काचेपलीकडे हलत होती.

"मग बोलली का नाहीस? दोन महिने?"

"तुम्ही सगळ्यांना इतक्या खात्रीनं सांगत होतात..." बाई म्हणाल्या. "मला वाटलं, एक दिवस मलाही सांगाल."

गुरुजींनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

कितीतरी वेळानं बाईंनी मूठ उघडली आणि चावी त्यांच्यापुढे धरली.

गुरुजींनी ती घेतली. इंजिन खोकलं, थांबलं. पुन्हा खोकलं... आणि लागलं. सारी गाडी बारीक थरथरू लागली.

उस्तादांनी विडी विझवली. बॉनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून ते नुसते उभे राहिले.

गुरुजींनी खिडकीची काच खाली केली.

"उस्ताद, सगळं ऐकलंत ना? आता मी काय करू?"

उस्तादांनी डोळे उघडले.

"क्लच हळू सोडा, गुरुजी. आत्ताच झोपेतून उठली हाय."