मोगरीचं दार

फार पूर्वी, गाड्या आपसात बोलत तेव्हाची ही गोष्ट. एका सोसायटीच्या आवारात मोगरी नावाची नवीकोरी गाडी राहायला आली. आपल्या दाराला पोचा पडेल, ओरखडा उठेल, या धास्तीने ती शेजारच्या म्हाताऱ्या जीपवर, ठकूमावशींवर, सारखी खेकसायची, "सरका पलीकडे! तुमचं दार लागेल मला."

एका दुपारी मोगरीचंच दार नीट लागलं नव्हतं. वाऱ्याचा झोत आला आणि ते धाडकन मावशींवर आदळलं. चांगलाच पोचा पडला. मोगरीने घाईघाईने दार मागे ओढून घेतलं.

"मावशी, फार लागलं का हो?"

"लागलं की गं. पण तू मुद्दाम थोडंच केलंस?"

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मोगरीला वाटलं. तिने कोपऱ्यातल्या सायकलीकडून जुनी ट्यूब मागून आणली आणि आपल्या दाराच्या कडेला घट्ट बसवली.

समोरची लाल गाडी हसत सुटली. "वेडे, कडेला कशाला? दारावर लाव, म्हणजे तू वाचशील."

"माझ्या दारापासून मावशी वाचायला हव्यात ना!"

लाल गाडीने आपल्या शेजारच्या छोट्या गाडीच्या दारावरचे ओरखडे पाहिले आणि सायकलीला हळूच विचारलं, "ताई, अजून एखादी ट्यूब आहे का?"