टिटवीची गच्ची

माणसं यंत्रांना नुकती कुठे प्रश्न विचारू लागली होती, तेव्हाची गोष्ट. विद्यापीठाच्या माळावर संगणकशास्त्राची नवी इमारत उभी राहिली. तिची दारं कार्ड ओळखून आपोआप उघडत. उद्घाटनाच्या सकाळी तिचा आनंद भिंतींत मावेना.

"टिटवीताई, आज पाहुणे गच्चीवर येणार! माझं एकही दार चुकणार नाही, बघच."

गच्चीवरच्या खडीत टिटवी चार अंड्यांवर बसली होती. "म्हणजे इथेच खुर्च्या मांडणार?"

"हो! तू जरा सरक ना."

"मागच्या वर्षी सरकले होते," टिटवी म्हणाली. "तुझा पाया खणत होते तेव्हा. अंडी तिथेच राहिली."

तेवढ्यात एका अंड्यातून टकटक ऐकू आली आणि जिन्यात पावलंही वाजली.

रखवालदार धोंडगेकाकांनी गच्चीच्या दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल.

"अगं शहाणे, आजच रुसायचं होतं?" काका करवादले.

"हुशार इमारत म्हणे!" एक पाहुणे हसले.

विभागप्रमुख सबनीसबाई ओशाळल्या. "चला, खाली अंगणातच बसू या." खुर्च्या घेऊन आलेली माणसं परत उतरली.

पहिल्याच दिवशी आपल्या नावावर चूक लागली, हे इमारतीला कळत होतं. पण तिचे कान टकटकीकडे होते. "फुटलं का गं? सांग ना, फुटलं?"

टिटवीने मागच्या वर्षाचं पुन्हा काही काढलं नाही. तिने एक पंख उचलला, इमारतीला आतलं दिसेल एवढा.