ओरखडा आणि चीर

हमरस्त्यालगतच्या एका फाट्यावर वत्सला करडे नावाची बाई राहायची. तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या तांब्याची भांडी घडत. लोकांच्या घरात स्टील आलं आणि तो धंदा बसला. मग वत्सला जुन्या मोटारींची अलॉयची चाकं उजळून देऊ लागली. हात तोच होता, फक्त घागरीच्या जागी चाक आलं.

फुटपाथच्या कडेला घासून चाकांवर बारीक ओरखडे पडतात. ते काढायचं तिचं काम. आधी ती चाक साबणानं धुवायची, कोरडं पुसायची आणि ओरखड्यावरून नख फिरवायची. नख सरळ सरकलं, तर ओरखडा वरवरचा. मग पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिशपेपर, त्यावर पॉलिश आणि शेवटी मऊ सुती फडकं. नख अडलं, तर मात्र ती तिथंच थांबायची. गिऱ्हाइकाला कितीही घाई असो, असल्या चाकाला ती आधी चुना लावायची.

ही तिच्या सासूची रीत. घागर कुठून गळते ते पाहायला सासू बाहेरून चुन्याचा पातळ हात द्यायची आणि आतून रॉकेल फासायची. ओरखड्यातून रॉकेल पलीकडे जात नाही. चिरेतून जातं, आणि पांढऱ्या चुन्यावर ओली काळसर रेघ उमटते. तिथं मग कुणाची बढाई चालत नाही.

त्याच फाट्यावर जयवंतशेठ जुन्या गाड्या विकायचे. वत्सलाची शेड त्यांच्याच जागेत होती आणि बहुतेक कामही त्यांच्याकडूनच यायचं. शेठ बोलायला मोठे गोड. 'किरकोळ' हा शब्द सदा त्यांच्या तोंडी. दार नीट लागत नाही? किरकोळ. इंजिन तेल पितं? किरकोळ. विकणाऱ्याच्या तोंडून हा शब्द आला की घेणाऱ्यानं सावध व्हावं. पण लोक सावध होत नाहीत, हसतात.

दसऱ्याच्या तोंडावर शेठनी एका गाडीची चारही चाकं वत्सलाकडे पाठवली. सगळे किरकोळ ओरखडे आहेत, आरशासारखी करून दे, असा निरोप होता. गाडी ढोबळे सिस्टरनं घेतली होती. ही सरकारी दवाखान्यातली नर्स. आपल्या दोन लेकरांना घेऊन ती रोज घाट उतरून जाणार होती.

तीन चाकांवरून नख सरळ सरकलं. चौथ्यावर अडलं. वत्सलानं बाहेरून चुना लावला, आतून रॉकेल फासलं. थोड्या वेळानं चुन्यावर रेघ उमटली. ती चाक घेऊन तशीच शेठकडे गेली.

"शेठ, ह्यो ओरखडा न्हाई. ही चीर हाय. घाटात चाक फुटलं तर?"

शेठनी रेघेकडे पाहिलं. त्यांना ती नवी नव्हती. गाडी घेतानाच त्यांनी ती पाहिली होती आणि त्यावर भाव पाडून घेतला होता. ते म्हणाले, "वत्सला, तू चाक उजळायचं. पंचांग सांगायचं नाही. जमत नसेल तर दसरा झाला की शेड रिकामी कर."

वत्सला घाबरली. का घाबरू नये? सगळं घर तिच्या एकटीच्या हातावर चालायचं. शेजारच्या गॅरेजवाल्यांनी तिला समजावलं. विकणारे शेठ, घेणारी सिस्टर, तू मध्ये कोण? तू फक्त पॉलिश मारतेस, असं त्यांचं म्हणणं. वत्सलाला ते काही केल्या पटेना. सिस्टर त्या चमकीवरच तर भुलणार होती, आणि ती चमक वत्सलाच्या हातची असणार होती. तिनं तीन चाकं आरशासारखी केली. चौथं चुन्यासकट परत पाठवलं. शेठनी ते धुऊन घेतलं, चीर लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवली आणि दुसऱ्याकडून वर चंदेरी रंग मारून घेतला.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूच्या माळा चढल्या. चाकांना हळदकुंकू लागलं. चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं, ती चिरडून गाडी बाहेर पडायची होती. सिस्टरची लेकरं मागच्या सीटवर कधीच जाऊन बसली होती. शेठची बायको ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. शेठची मुलं नवे कपडे घालून पेढे खात होती.

वत्सला शेडमधून बाहेर आली. तीन चाकांवर तिच्या हाताची चमक होती, चौथ्यावर ताजा चंदेरी रंग. ती वाकली आणि त्या चाकाखालचं लिंबू उचलून घेतलं.

जमलेली माणसं चपापली. ऐन दसऱ्याला हा कसला अपशकुन, असं कुणीतरी पुटपुटलं.

"लिंबू चिरडून दृष्ट जाती," वत्सला म्हणाली. "चीर जात न्हाई." मग तिनं सिस्टरला सगळं सांगितलं.

शेठ मोकळेपणानं हसले. शेड सोडायला सांगितली म्हणून बाई खार खाऊन आहे, ओरखडा अगदी किरकोळ होता, असं त्यांनी सर्वांना ऐकवलं. लोकांना ते खरं वाटू लागलं. सिस्टरही घुटमळली. आयुष्यातली पहिली गाडी होती ती, आणि लेकरं आत बसून हाका मारत होती.

वत्सलाचा आवाज चढला नाही. "मग असं करा, शेठ. सिस्टरची पोरं खाली उतरू द्या. तुमची बसवा आन् ह्याच चाकांवर घाट उतरून या. सुखरूप आलात की ह्या समद्यांसमोर तुमचे पाय धरीन."

"माझी मुलं कशाला?" शेठ म्हणाले.

तोंडून गेलं ते गेलं. शेठच्या बायकोनं हातातलं ताट खाली ठेवलं. सिस्टरनं मागचं दार उघडलं आणि आपल्या लेकरांना एकेक करून उतरवून घेतलं.

शेठ लाजले, पण सुधारले नाहीत. एवढ्यातेवढ्यानं माणसं सुधारत नसतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेड रिकामी करायला माणसं पाठवली. माणसं पोहोचली तेव्हा शेड झाडून लोटून मोकळी होती. हुसकावून लावल्याचं समाधानसुद्धा वत्सलानं शेठना मिळू दिलं नाही. रस्त्याच्या पलीकडे एक ताडपत्री ताणून ती कामाला बसली होती.

काम थोडं होतं. काही दिवस तर अगदीच ओढाताणीचे गेले. पण कुठलंही चाक आलं की नख आधी फिरायचं, फडकं मागून.

एके दिवशी शेठच्या घरची गाडी ताडपत्रीपाशी येऊन थांबली. ड्रायव्हर उतरला आणि इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "वहिनींनी पाठवलंय. मुलं मामाकडं निघालीत. चारही चाकं चुना लावून बघा म्हणाल्या. पर शेठना कळता कामा नये."

वत्सलानं हात पुसले. "बघते की. पर जे दिसंल ते इथनं शेठच्या दुकानापतुर ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं सांगीन. चालत आसंल तर काढ चाकं."

ड्रायव्हरनं रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे एकदा पाहिलं आणि डिकीतून जॅक काढला.

तात्पर्य: ओरखडा असेल तर काढावा, चीर असेल तर दाखवावी, ज्या चाकावर आपली मुलं बसवणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलांसाठी उजळून देऊ नये, मग त्यापायी डोक्यावरचं छप्पर गेलं तरी बेहत्तर.