दहा हजार एकावी पत्रावळ

एका राज्यात, गळ्याशपथ सांगतो, हे सगळं घडलं तेव्हा मी तिथं हजर होतो. जन्मलो नव्हतो, एवढंच.

चंडसेन राजानं दहा हजार पाहुणे जेवायला बोलावले. गोजरा नावाच्या बाईनं मोजून दहा हजार पत्रावळ्या लावल्या. पंगती बसल्या आणि दारात एक मांत्रिक आला. बोलावणं नव्हतं, पण सात कोस चालून भुकेला होता. पत्रावळ उरली नव्हती. वाढप्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर थांबायला सांगितलं.

मांत्रिकानं मूठभर भात उधळला. दहाच्या दहा हजार पाहुण्यांचे बगळे झाले. राजा, दरबारचे शास्त्रीबुवा आणि वाढणारे तेवढे वाचले, कारण पाहुण्यांआधी त्यांनी जेवायचं नसतं.

"मला धरून सारख्या पंगती मांडा," मांत्रिक म्हणाला. "कुणी उरता कामा नये. सगळ्यांची एकच पंगत नको, आणि एकेकाची वेगळीही नको. तीनदा मांडून बघा. तिसऱ्यांदा चुकलात, तर हे कायमचे बगळे."

त्या बगळ्यांत गोजराचा नवरा कोंडाजी होता. तो बोलायचा, पण रोज थोडे शब्द विसरायचा. एक पत्रावळ जास्त लावली असती तर, हे गोजराच्या मनातून जाईना.

शास्त्रीबुवांनी शंभर-शंभरांच्या शंभर पंगती मांडल्या. मांत्रिक एकटा उरला. मग घाईनं एकोणतीस-एकोणतीस बसवले, तर पंचवीस जण उरले. तेव्हा कुठं बुवांनी दोनापासून तिसापर्यंतचे पाढे तपासले आणि निकाल दिला, की ही संख्या भागतच नाही. पाढे तिसाला संपतात, पुढं काही नसतं.

गोजरानं कोंडाजीला हे सांगितलं. तो मान वाकडी करून म्हणाला, "पाढे संपले, गोजरा. पानं संपली का?" दुसऱ्या दिवशी तो तिचं नाव विसरला.

ती मांडवात पानं घेऊन बसली. एकतिसापासून रोज एक पाढा.

"बाई, हे पाढे कुणाच्या बापाला पाठ आहेत?" शास्त्रीबुवा हसले.

"पाठ कशाला हवेत, बुवा? मिळवत जायचं."

त्रेचाळिसाव्या दिवशी त्र्याहत्तर आला. एकशे सदतीस वेळा मिळवल्यावर बरोबर दहा हजार एक झाले. तोवर कोंडाजीकडं एकच शब्द उरला होता: पान.

तिनं त्र्याहत्तर पंगती मांडल्या, प्रत्येकीत एकशे सदतीस पानं. शेवटची पत्रावळ तिथंच बसून लावली आणि कोंडाजीच्या शेजारी ठेवली.

"बसा, बाबा," ती मांत्रिकाला म्हणाली. "भात गरम आहे."

त्यानं घास घेतला. मांडवभर पंखांचे हात झाले.

"गोजरा," कोंडाजी म्हणाला, "मीठ राहिलं वाढायचं."

तेव्हापासून त्या राज्यात पंगतीला एक पान जास्त मांडतात, आणि पोरांचे पाढे तिसाला थांबत नाहीत.

आता यातलं खोटं सांगून टाकतो. बगळे मी पदरचे घातले. आकडा खरा आहे, पानं घेऊन बसा आणि मिळवून बघा. आणि दारात उभा राहिलेला तो भुकेला माणूस मला घालावा लागला नाही.